फेरीबोट पाहावी ती चालू असताना

वास्कोला आमच्या शेजारी राहणारे काका झुआरीनगरच्या खत कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काचेची बरणी घरी आली. लोणच्याची असते तेवढी. आत खडीसारखे काळे, वेडेवाकडे दाणे. मी तेव्हा अकरावीत होतो. बरणी उचलली आणि हातातून निसटता निसटता वाचली, इतकी जड. "अमोनियाचा कॅटलिस्ट," काका म्हणाले. पुस्तकात एका ओळीत उरकलेली वस्तू प्रत्यक्ष हातात आली म्हणून मी हरखलो.

"म्हणजे अमोनिया बनवतो तो हाच?"

"नाय रे. हा नुसता भरायचा माल. बनवणारा वेगळा. तो बाहेर काढलास तर पेट घेतो."

काकांनी एवढ्या सहज सांगितलेली गोष्ट नीट समजायला मला पुढची दहा-बारा वर्षं लागली. वस्तू तीच, मग आत एक आणि बाहेर दुसरी कशी? आणि बाहेर काढताच ती बदलत असेल, तर ती आत कशी असते हे कुणी आणि कसं पाहिलं?

आधी कॅटलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, त्याचं बघू. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने गेलेल्याला तो फार समजावून सांगावा लागत नाही. मांडवीच्या या काठावर माणसं उभी आहेत, त्यांना पलीकडे जायचंय. पोहून जाता येतं, पण कोण जातो? फेरीबोट लागते, माणसं-स्कूटर चढतात, पलीकडे उतरतात, बोट रिकामी होऊन पुढच्या खेपेला मोकळी. या व्यवहारात बोट खर्ची पडत नाही. शेवटी कुठल्या काठावर किती माणसं राहणार हेही ती ठरवत नाही. ती फक्त पलीकडे जाण्यातली अडचण कमी करते. उत्प्रेरकाचं काम एवढंच. 'कॅटॅलिसिस' हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये रूढ केला, आणि त्या शब्दावर आज खतापासून पेट्रोलपर्यंत सगळा रासायनिक उद्योग उभा आहे.

अमोनियाच्या बाबतीत प्रवासी आहे हवेतला नायट्रोजन. हवेचा ७८ टक्के भाग तोच, पण भाताच्या रोपाला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर हा रेणू टेकतो, तिथे त्याची जोडी फुटते, मग एकेका नायट्रोजनला तीन हायड्रोजन एकामागून एक येऊन चिकटतात आणि तयार झालेला अमोनिया उतरून जातो. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सियस, दाब हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट किंवा त्याहूनही जास्त. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हे टेबलावर करून दाखवलं, कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला उत्पादन सुरू झालं. आज जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो, त्यातला बहुतेक खताला जातो.

लोखंडाची निवड कशी झाली, ही गोष्ट खाणींच्या प्रदेशात राहणाऱ्यांना आवडावी. बॉशचा सहकारी आल्विन मिटाश हजारो मिश्रणं एकामागून एक तपासत होता. शुद्ध लोखंड काही जमेना. मग कपाटात पडून असलेला स्वीडनच्या येलिवारे खाणीतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा एक तुकडा वापरून पाहिला, तर तो भलताच चालला. कारण त्यात नैसर्गिकच मिसळलेली 'घाण', म्हणजे थोडं अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड), थोडं पोटॅश (पोटॅशियमचा क्षार). अ‍ॅल्युमिनामुळे लोखंडाचे बारीक कण तापून एकमेकांत वितळल्यासारखे मिसळत नाहीत, आणि पोटॅशमुळे नायट्रोजनची जोडी फोडणं सोपं जातं. आजही कारखान्यात हीच पाककृती थोड्याफार फरकाने चालते. (आपल्या डिचोली-सांग्याकडचं खनिज मुख्यत्वे हेमॅटाइट. त्यामुळे तो मान आपला नव्हता, असं समाधान करून घ्यावं.)

काकांच्या बरणीतला दाणा म्हणजे हेच मॅग्नेटाइट, लोखंडाचा ऑक्साइड. ते कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे अमोनिया बनतो त्या पात्रात, भरल्यावर लगेच अमोनिया मिळत नाही. आधी काही दिवस त्यावरून गरम हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन उचलून पाण्याच्या वाफेच्या रूपाने बाहेर नेतो. दाण्याचा बाहेरचा आकार जवळपास तोच राहतो, पण आतून ऑक्सिजन निघून गेल्याने तो लोखंडाचा स्पंज होतो. एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ दहा बाय दहाच्या खोलीएवढं किंवा त्याहून मोठं. एवढं बारीक, उघडं लोखंड हवेत आलं की ऑक्सिजनवर तुटून पडतं आणि लालबुंद होतं. म्हणून जुना माल काढताना शटडाऊनमध्ये आत नायट्रोजन भरलेला असतो आणि माणसं श्वासाची नळी लावून काम करतात. 'पेट घेतो' हे काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

आता संशोधकाची पंचाईत बघा. उत्प्रेरक तपासण्याची जुनी रीत म्हणजे कामाआधी एकदा पाहायचा, काम झाल्यावर थंड करून, बाहेर काढून पुन्हा पाहायचा आणि मधलं काय ते अंदाजाने भरायचं. फेरीबोट सकाळी धक्क्याला बांधलेली पाहिली, रात्री पुन्हा बांधलेली पाहिली, आणि त्यावरून ती माणसं कशी नेते हे सांगायला बसलो. वर ही बोट अशी, की बांधल्याबरोबर तिचं रूपच पालटतं.

दुसरी रीत होती निर्वाताची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांनी लोखंडाचा एकच स्वच्छ स्फटिक घेऊन, हवेच्या दाबाच्या अब्जावधी पट कमी दाबात, त्यावर नायट्रोजनचे रेणू कसे फुटतात ते एकेक पायरी उलगडून दाखवलं. नायट्रोजनची जोडी फुटणं हीच सगळ्यात रेंगाळणारी पायरी, हे त्यांनी पक्कं केलं, आणि २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. काम अव्वल, पण कारखान्यातला दाब आणि एर्टल यांच्या पेटीतला दाब यांत मोठी दरी होती. निर्वातात दिसतं तेच दोनशे पट दाबाखालीही घडत असेल? हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत राहिला.

इथे क्ष-किरण येतात. प्रकाश भट्टीच्या भिंतीतून आत जात नाही. इलेक्ट्रॉनचा झोत दाट वायूत हरवतो. पुरेशा ऊर्जेचे क्ष-किरण मात्र काचेच्या पातळ भिंतीतून, गरम वायूतून, भुकटीतून आरपार जातात. शिवाय त्यांची तरंगलांबी दोन अणूंमधल्या अंतराच्याच मापाची असते. हाड तुटल्यावर काढतो तोच एक्स-रे, पण इथे हाडाची सावली बघायची नसते.

बघायचं असतं ते असं. समजा भुकटीत तांबं आहे. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि किती किरण शोषले जातात ते मोजत राहायचं. ८,९७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) आसपास आलं की शोषण एकदम उडी मारतं. तांब्याच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकायला नेमकी तेवढी ऊर्जा लागते. लोखंडासाठी हा उंबरठा ७,११२, निकेलसाठी ८,३३३. प्रत्येक मूलद्रव्याचा उंबरठा वेगळा, त्यामुळे दहा पदार्थांच्या खिचडीतही फक्त तांब्याशी बोलता येतं. आणि तांब्याने ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन दिलेले असतील, तर उरलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाला जास्त घट्ट धरले जातात आणि उंबरठा थोडा वर सरकतो. म्हणजे नुसत्या उडीच्या जागेवरून कळतं की आत धातू आहे की ऑक्साइड.

उडीनंतरचा भाग मला जास्त आवडतो. तिथे आलेख सरळ जात नाही, त्यावर बारीक लाटा दिसतात. बाहेर फेकलेला इलेक्ट्रॉन तरंगासारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटतो आणि काही भाग परत फिरतो. मंगेशीच्या तळीत मधोमध काही पडलं तर तरंग पायऱ्यांपर्यंत जाऊन परततात, जाणारे आणि येणारे एकमेकांत मिसळून कुठे उंच होतात, कुठे विरतात. डोळे मिटून मध्ये बसलेल्याला त्या मिसळण्यावरून पायऱ्या किती लांब आहेत हे सांगता यावं, तसं हे. या लाटांचं गणित सेयर्स, स्टर्न आणि लायटल यांनी १९७१ मध्ये सोडवलं. त्यातून शेजारचा अणू किती अंतरावर आहे ते मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्याही पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत कळतं, आणि शेजारी किती आहेत तेही. प्लॅटिनमच्या मोठ्या तुकड्यात आतल्या प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात. सरासरी सहा-सात निघाली, तर समजायचं की कण इतका चिमुकला आहे की बहुतेक अणू काठावरच बसलेत. उत्प्रेरकात आपल्याला नेमके ते काठावरचेच हवे असतात.

एवढं सगळं दवाखान्यातल्या एक्स-रे मशिनवर होत नाही. हवी ती ऊर्जा निवडता येणारा, प्रखर झोत लागतो, आणि तो सिंक्रोट्रॉनमध्ये मिळतो. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरवायचे. चुंबकांनी त्यांना वळवलं की वळणावर ते क्ष-किरण सोडतात. भारतात इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे, परीघ १७२.५ मीटर, ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फ्रान्सच्या ग्रेनोबलमधल्या सिंक्रोट्रॉनचा परीघ ८४४ मीटर. तिथे जायचं तर काही महिने आधी अर्ज करायचा, मंजूर झाला तर आठ-आठ तासांच्या पाळ्या मिळतात, आणि त्या पाळ्या रात्र-दिवस ओळखत नाहीत.

पुढे मीही याच कामात पडलो. आमची 'भट्टी' बघून काकांना हसू आलं असतं. एक मिलिमीटर जाडीची क्वार्ट्झची केशनळी, तिची भिंत माणसाच्या केसाहूनही पातळ. चाळलेली भुकटी आत भरायची, दोन्ही बाजूंनी क्वार्ट्झच्या कापसाचे बोळे. एका टोकाने वायू आत, खालून गरम हवेचा झोत, मधून क्ष-किरण आरपार. दुसऱ्या टोकाने निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे आत काय तयार झालं याचा हिशेब लागलीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बारा नळ्या कापसात गुंडाळून शंकरपाळ्यांच्या डब्यातून नेल्या होत्या. चार प्रवासातच गेल्या. पाचवी पहाटे तीनला नट आवळताना माझ्या हातात फुटली.

सहावीची कथा मात्र सांगण्यासारखी. तांब्याचा ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवला आणि पडद्यावर उडी हळूहळू डावीकडे सरकताना दिसली. ऑक्साइडचा धातू होत होता, आमच्या डोळ्यांदेखत. मग अभिक्रियेचे वायू सोडले आणि चार तास एकाहून एक सुंदर आलेख घेतले. सकाळी मास स्पेक्ट्रोमीटरची नोंद उघडली, तर जे तयार व्हायला हवं त्याचा मागमूस नाही! भुकटी नळीत सैल बसली होती आणि वायू तिला वळसा घालून कडेने निघून जात होता. चार तास आम्ही इंजिन चालू असलेल्या, पण एकही प्रवासी नसलेल्या फेरीबोटीचे फोटो काढत बसलो होतो.

या प्रसंगामुळे 'इन सिटू' आणि 'ऑपरांडो' या दोन शब्दांतला फरक मी जन्मात विसरणार नाही. इन सिटू म्हणजे जागेवर: तापमान आहे, वायू आहे, झोत आहे. ऑपरांडो म्हणजे काम करताना: त्याच क्षणी उत्पादनही मोजलं जातंय, आणि जे रूप दिसतंय तेच काम करतंय याचा पुरावा हातात आहे. दोन्ही शब्द लॅटिन. दुसरा २००० नंतर रूढ झाला, आणि लोकांना वाटलं उगाच नवं नाव दिलंय. मलाही तसंच वाटायचं, ती रात्र होईपर्यंत.

चालू बोट बघायला लागल्यावर काय काय दिसलं? एक आपल्या डिझेलचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दर दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. रिफायनरीत गंधक काढणारा उत्प्रेरक कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमचा. तोही भरतात ऑक्साइड म्हणून, पण आत गंधक मिळालं की त्याचं सल्फाइड होतं. डेन्मार्कच्या हेन्रिक टॉप्सो आणि सहकाऱ्यांनी गॅमा आणि क्ष-किरणांनी दाखवलं की मॉलिब्डेनम सल्फाइडची इवली इवली पानं तयार होतात आणि कोबाल्ट त्यांच्या कडांना जाऊन बसतं. काम त्या कडांवर चालतं. बाटलीतला निळसर माल कितीही निरखला असता, तरी ही पानं कुणाला सापडली नसती.

दुसरं उदाहरण रोडियमचं. हा धातू गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियमबरोबर असतो (आणि म्हणून सायलेन्सर चोरीला जातात). अ‍ॅल्युमिनावर बसवलेलं रोडियम भरलेल्या छोट्या नळीतून मिथेन आणि ऑक्सिजन सोडले, आणि एका ठिकाणी न बघता क्ष-किरणांच्या कॅमेऱ्याने सगळ्या नळीचं चित्र घेतलं. अभिक्रियेने पेट घेतल्यावर दिसलं की सुरुवातीच्या भागात, जिथे ऑक्सिजन मुबलक, रोडियम ऑक्साइडच्या रूपात आहे. पुढे ऑक्सिजन संपतो तिथे तेच रोडियम धातू झालंय. मधली सीमा अगदी अरुंद. मांडवी पणजीला खारी आणि वर गेलं की गोडी, तसा एकाच नळीत एकच उत्प्रेरक दोन वेगळ्या वस्तू बनून बसला होता. 'या उत्प्रेरकाची रचना काय?' असं एकवचनात विचारणंच चुकीचं ठरलं.

पण क्ष-किरण म्हणतील ते सगळं खरं, असंही नाही. दोन खोड्या आहेत. पहिली, ते सरसकट सगळ्या अणूंची सरासरी सांगतात. शंभरातले पाचच अणू राबत असतील, तर चित्र उरलेल्या पंचाण्णवांचं येतं. धक्क्यावरचा फोटो काढला तर त्यात प्रवासी असतात तसा गरी टाकून बसलेला असतो, चणेवाला असतो, नुसता वारा खायला आलेलाही असतो. कोण जाणार हे कसं ओळखायचं? बोट लागेपर्यंत थांबायचं. फळी पडली की जे हलतात ते प्रवासी. संशोधक हेच करतात. वायू ठरावीक तालात आलटून-पालटून सोडतात, कधी कार्बन मोनॉक्साइड, कधी ऑक्सिजन, आणि गणिताने आलेखातला फक्त तेवढाच भाग गाळून घेतात जो त्या तालावर बदलतो. बसून राहिलेले आपोआप वगळले जातात.

दुसरी खोडी जास्त वाईट. प्रखर झोत स्वतःच उत्प्रेरक बदलू शकतो, ऑक्साइडचा धातू करू शकतो. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीच्या आवाजानेच डॉल्फिन दूर जावेत, तशी गत. त्यामुळे मधूनमधून झोत बंद करून, नळीचा कोरा भाग समोर आणून पुन्हा मोजावं लागतं. आलेख तोच आला तर बरं. नवी यंत्रं जितकी तेजस्वी, तितकी ही काळजी वाढत चालली आहे, आणि माझ्या मते काही घाईने लिहिलेल्या निबंधांत ती पुरेशी घेतलेली दिसत नाही.

आणि अमोनिया? त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. पृष्ठभागावर त्या क्षणी नेमकं काय बसलंय हे कळायला क्ष-किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन पकडावे लागतात, आणि ते वायूतून फार लांब जात नाहीत. स्टॉकहोमच्या आंदेर्स निल्सन यांच्या गटाने जर्मनीत हँबुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर त्यासाठी खास यंत्र उभारलं. झोत पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा सोडायचा, आणि इलेक्ट्रॉन गोळा करणारं तोंड अगदी जवळ आणायचं. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. हवेच्या दाबाइतक्या दाबापर्यंत आणि ४५० अंशांपर्यंत, अमोनिया तयार होत असताना, लोखंड धातूच राहतं. त्याचं नायट्राइड, म्हणजे नायट्रोजनबरोबरचं संयुग, होतं का, हा जुना वाद होता. त्यांनी तपासलेला दुसरा उत्प्रेरक, रुथेनियम, तेही धातूच राहतं आणि जवळजवळ रिकामं दिसतं, म्हणजे तिथे नायट्रोजन फुटणं हीच अडचण. लोखंडावर मात्र तापमान उतरलं की पायऱ्यापायऱ्यांच्या पृष्ठभागावर अर्धवट हायड्रोजन चिकटलेले नायट्रोजन साचू लागतात. माणसं चढतात भराभर, पण उतरताना गर्दी करतात.

गेल्या मे महिन्यात वास्कोला गेलो, तेव्हा हे काकांना सांगितलं. बरणी अजून शोकेसमध्ये आहे, शेजारी नातवाचे कप. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दाब किती म्हणालास?"

"एक. आपल्या हवेएवढा."

"आमचा त्याच्या दोनशे पट." मग थोडं थांबून, "आणि त्या लोखंडात पोटॅश होतं?"

नव्हतं. ते शुद्ध स्फटिक होते. ना पोटॅश, ना अ‍ॅल्युमिना. मी तसं सांगितलं.

"मग त्यांना सांग, पोटॅश घालून बघा," काका म्हणाले, आणि चहा घ्यायला आत गेले.